धुरपदाबाईचं बोचकं

कळंबच्या पेठेत एके काळी बोलण्याची एक पद्धत होती. एखादा माणूस मृगाच्या दोन महिने आधीच पेरणीची पाभर दुरुस्त करून बसला, किंवा पोरगी पाळण्यात असतानाच तिच्या लग्नाची भांडी जमवायला लागला, की लोक म्हणत, ‘ह्याचं धुरपदाचं बोचकं झालंय.’ म्हणत ते हसून. पुढं शब्द तेच राहिले, पण ते हसून म्हणण्यासारखे राहिले नाहीत.

धुरपदाबाई आडतीवर धान्य पाखडायला जात असे. नवरा बब्रुवान त्याच आडतीवर हमाल होता. हा मुलूख तेव्हा निजामाचा. लोक त्याला मोगलाई म्हणत. पेठेत सगळ्या घरांत नाहीतर घरांशेजारी ज्वारी-करडीची पोती रचलेली असायची, आणि पोती तिथं उंदीर. त्यामुळं पलेगची साथ कळंबला नवी नव्हती. घरात उंदीर मरून पडला, की घर सोडायचं आणि गावाबाहेर माळावर खोपी घालून राहायचं, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. पहिल्या महायुद्धानंतरच्या एका हिवाळ्यात त्यांच्या गल्लीत उंदीर पडले. गल्ली त्याच दिवशी उठली. धुरपदाबाई तेव्हा वयानं लहान होती, पण संसाराची माया लई. आधी दळण संपवून घेऊ, मग पुरलेली भांडी काढू, जातं कुणाच्या तरी ओसरीवर ठेवू, असं करत ती मागं राहिली. माळावर पोचली तेव्हा दोन्ही पोरांच्या अंगात ताप होता. थोरल्याच्या जांघेत गाठ आली, धाकट्याच्या काखेत. दोघं एका आठवड्यात गेले.

त्यानंतर तिनं बोचकं बांधलं. जुन्या धोतराच्या पटकुरात एक वाकळ, तिच्या घडीत तवा आणि लोटा, विळा, एक जुनं लुगडं, नारळाच्या काथ्याची दोरी, मीठ-तिखटाची पुरचुंडी, पोरांचे दोन अंगरखे. वर घट्ट गाठ. हे बोचकं घराच्या आढ्याला दोरीनं टांगलेलं असायचं. त्यात दाणागोटा घालायचा नाही, हा तिचा नियम होता; दाणा आला की त्याच्यामागं उंदीर आला. दर अवसेला ती ते खाली काढी, सगळं उन्हात घाली, झटकी, पुन्हा बांधी. मध्ये बब्रुवान पोत्याखाली सापडून गेला, साथीनंतर झालेला उत्तरेश्वर नावाचा पोरगा तिनं एकटीनं वाढवला, पण बोचक्याची अवस चुकली नाही.

शेजारचा धुळाप्पा धनगर तिला येताजाता छेडायचा.

“वहिनी, निघालाव व्हय? गाडी जुपू का?”

“जुप की. पर तुला घ्यायचं न्हाय त्यात.”

“आमी कशाला येतो? तुमी गेल्यावर तुमचं घर राखतो. वांगी लावतो अंगणात.”

अशी ती थट्टा चालायची आणि धुरपदाबाई तिचं वाईट वाटून घेत नसे. पुढं नात झाली तरी ती तशीच राहिली. उत्तरेश्वरचं लग्न झालं, सून आली ती अयोध्या, जवळच्या वाशी गावाकडच्या एका शेतकऱ्याची लेक. उत्तरेश्वर बायकोवर जीव टाकायचा, इतका की आडतीवरचे हमाल त्याला दुपारच्या भाकरीवरून चिडवायचे. त्यांना सोजर झाली. त्या दिवसापासून बोचक्यातले जुने अंगरखे निघाले आणि सोजरची दोन झबली आत गेली. पोरगी वाढेल तशी झबली बदलत गेली. आपल्या हातून दोन लेकरं उशिरामुळं गेली, ही तिसरी जाऊ द्यायची नाही, एवढंच त्या बाईच्या डोक्यात होतं. ती हे बोलून दाखवत नसे, पण अयोध्येला ते समजलं होतं. सुरुवातीला ती बोचक्याला हसली होती. पुढं हसायची थांबली.

पंचेचाळीस सालच्या हिवाळ्यात पेठेत पुन्हा उंदीर पडायला लागले. पहिला उंदीर धुळाप्पाच्या गोठ्यात दिसला. दवंडी पिटायच्या आत धुरपदाबाईनं आढ्याची दोरी सोडली. तवर अवस होऊन वीसेक दिवस झाले होते. उत्तरेश्वरनं चार भांडी आणि ज्वारीचं गठुळं घेतलं, धुरपदाबाईनं सोजरला कडेवर घेतलं आणि बोचकं अयोध्येच्या डोक्यावर दिलं. सगळ्या पेठेत पहिलं घर त्यांचं रिकामं झालं. लोक दारात उभे राहून बघत होते आणि त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही. उलट धुळाप्पा म्हणाला, वहिनींचंच खरं निघालं.

मांजरा नदीच्या बाजूच्या माळावर पोचेपर्यंत दिवस मावळला. खोप घालायला उजेड नव्हता. उघड्यावरच अंग टाकलं. सोजर आजीच्या पोटाशी, आणि अयोध्या बोचकंच उशाला घेऊन.

सकाळी उत्तरेश्वर खोपीसाठी मेढी तोडायला गेला आणि धुरपदाबाईनं बोचकं सोडलं. वाकळीची घडी उलगडली तेव्हा आत शेंगदाण्याची फोलपटं दिसली, फडक्याची कुरतडलेली पुरचुंडी दिसली, आणि त्यांच्याखाली उंदीर. मेलेला.

तिनं काठीनं वाकळ पुन्हा झाकली आणि सोजरला लांब बाभळीखाली नेऊन बसवलं. परत आली तेव्हा अयोध्या त्या फोलपटांकडं बघत उभी होती.

“आत्याबाई, ते म्या ठिवलं हुतं,” ती म्हणाली. “पोरगी वाटंत भुकंनं रडंल म्हणून. शेंगदाणं अन् गूळ. तुमाला राग यील म्हणून बोलले न्हाय.”

धुरपदाबाईनं विचारलं एवढंच, की कधी ठेवलं होतं. अवसेला, वाळवून बांधताना, अयोध्या म्हणाली. मग सासूनं तिला अंगावरचं लुगडं बदलायला सांगितलं. पण दुसरं लुगडं बोचक्यातच होतं. शेवटी धुरपदाबाईनं आपल्या नेसूच्या लुगड्याचा अर्धा भाग फाडून सुनेला दिला आणि बाकी सगळं, वाकळ, झबली, दोरी, धोतर, तुराट्या घालून पेटवून दिलं. तवा आणि लोटा तेवढे जाळातून काढून घासले. माळावर थंडी कडाक्याची होती आणि बरोबर आणलेलं होतं तेवढं पांघरूण त्या जाळात गेलं.

उत्तरेश्वर धूर बघून धावत आला. त्याला उंदराचं सांगावंच लागलं. त्यानं विचारलं, बोचक्यात खायचं कुणी ठेवलं.

“म्या,” धुरपदाबाई म्हणाली.

अयोध्येनं तोंड उघडलं. सासूनं तिला लोटा दिला आणि नदीचं पाणी आणायला पाठवलं.

उत्तरेश्वरनं जाळाकडं बघितलं. मग म्हणाला, “जलमभर गावाला शिकवलंस. अन् सवता कण्या घालून उंदीर पाळलास.”

त्या दिवशी त्यांनी एक खोप घातली. दुसऱ्या दिवशी धुरपदाबाईनं हट्ट करून आणखी एक घालून घेतली, ओढ्याच्या पलीकडं. मुलाला तिनं कारण सांगितलं, की माझा भरवसा नाही, मी वेगळी राहते. ते त्याला पटलं. पण तिची नजर सुनेवर होती. बोचकं जिच्या डोक्यावर आलं होतं आणि रात्रभर जिच्या उशाला होतं, ती अयोध्या. चौथ्या दिवशी तिला भाकरी जाईना. संध्याकाळी ताप भरला. धुरपदाबाई तिला हाताला धरून ओढ्यापलीकडं घेऊन गेली आणि उत्तरेश्वरला सांगून ठेवलं, की पोरीला सोडून इकडं यायचं नाही, भाकरी दगडावर ठेवून माघारी फिरायचं.

गाठ मानेला आली. औषध म्हणून कुणी कांद्याचं पोटीस बांधायला सांगितलं, ते बांधलं. टीका टोचणारे सरकारी लोक माळावर आले, पण ते पुढच्या आठवड्यात.

खोपीत त्या दोघी काय बोलल्या, ते बऱ्याच वर्षांनी धुरपदाबाईनं माझ्या आईला सांगितलं. आई तेव्हा त्यांच्या शेजारी राहायची. उत्तरेश्वर त्याआधीच वारला होता, नाहीतर तिनं ते सांगितलंच नसतं. अयोध्येला नवऱ्याला खरं सांगायचं होतं. ताप उतरला की ती तेच घोकायची: त्यांना हाक मारा, ओढ्याच्या त्या अंगाला उभं करा, मी इथूनच बोलते. तुमच्यावर आळ घेऊन मला जाता येणार नाही.

“गप पड,” सासू म्हणाली. “मला शिव्या पचत्यात. तुज्यावर राग धरला तर त्यो रडंल कुणासाठी?”

अयोध्या म्हणाली, “अन् सोजर? ती बी तुमालाच म्हनंल.”

“म्हनू दे. म्हनायला ऱ्हाती का न्हाय, ते बगू.”

तिसऱ्या दिवशी सकाळी अयोध्या गेली. धुरपदाबाईनं पलीकडं हाक दिली. उत्तरेश्वर ओढ्यात उतरला, तर तिनं दगड उचलला आणि म्हणाली, पुढं आलास तर मारीन. सोजर त्याच्या मागं उभी होती. दोघांनी तिथूनच बघितलं. मातीला चार माणसं मिळेनात; धुळाप्पा तेवढा आला, आणि त्यानं नि धुरपदाबाईनंच तिला नेलं. धुरपदाबाई त्या खोपीत आणखी पंधरवडाभर एकटी राहिली. तिला काही झालं नाही. सोजरला आणि उत्तरेश्वरलाही काही झालं नाही.

साथ ओसरल्यावर लोक गावात परतले आणि ‘धुरपदाचं बोचकं’ या शब्दांना नवा अर्थ आला. आपल्याच हातानं आपल्या घरात मरण बांधून आणणं. आडतीवर बायका तिच्यापासून हातभर लांब बसून पाखडायला लागल्या. उत्तरेश्वर आईशी कामापुरतं बोलायचा. पितृपक्षात, पित्तरपाटाला अयोध्येचं पान वाढलं, की तो पोरीला सांगायचा, तुझ्या आईला आजीच्या बोचक्यानं खाल्लं. धुरपदाबाई तेव्हा चुलीपाशी बसून वडे तळत असायची. सोजर पाच-सहा वर्षांची. तिनं आजीजवळ निजायचं सोडलं. पाणी मागायचं तरी बापाला मागायची.

पुढं अठ्ठेचाळीस साल उजाडलं. रझाकारांची भीती गावोगाव पसरली. कुठल्या गावात जाळपोळ झाली, कुठून बायका पळवल्या, याच्या बातम्या बाजारच्या दिवशी यायच्या आणि पुढच्या बाजारापर्यंत आणखी चार घरं गाव सोडून गेलेली असायची. सगळी बार्शीकडं. तिथं मोगलाईची हद्द संपत होती आणि निर्वासितांच्या छावण्या पडल्या होत्या. उन्हाळा लागेपर्यंत पेठेत घरोघर बोचकी बांधली गेली. आता बायका धुरपदाबाईकडं चोरून यायच्या. काय घ्यावं, काय ठेवावं, गाठ कशी मारावी. ती सगळ्यांना सांगायची. काहींना बांधूनही द्यायची. कुणी सोन्याचा मणी कुठं शिवावा असं विचारलं, तर म्हणायची, पोराच्या अंगावर नको, पोराला ओढतील.

स्वतःच्या घरात तिनं काही बांधलं नाही. उत्तरेश्वरनं एकदा विचारलं, की आपलं काय. ती म्हणाली, तुला काय घ्यायचं ते तू घे. तो चिडला. त्याला वाटलं, म्हातारी आता मुद्दाम करतीय. मग त्यानंच रागारागात दोन गठुळी बांधली, भांडी वेगळी, कपडे वेगळे, आणि वर पितळेचा हंडा घेतला. तो अयोध्येच्या माहेरून आलेला होता.

ते वैशाखात निघाले. येरमाळ्याच्या सडकेला रझाकारांचा पहारा आहे असं कळलं होतं, म्हणून पाच-सहा घरं मिळून आडरानानं चालली. तांबडं फुटताना निघालेली माणसं ऊन चढलं तरी बालाघाटाच्या उतारावरच होती. पायाखाली तापलेला खडक आणि सावली कुठंच नाही. एका बाईच्या डोक्यावरची पेटी पडली, तिच्यातलं सामान घरंगळत खाली गेलं, तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

मागून कुणीतरी सांगत आलं, की घोडेस्वार दिसले. खरं होतं की खोटं, कुणाला ठाऊक. पण सगळे पळायला लागले. उत्तरेश्वरच्या डोक्यावर हंडा होता आणि दोन्ही खांद्यांना गठुळी. सोजर त्याचा सदरा धरून पळत होती. खडकावर ती ठेचकाळली, उठली, पुन्हा पडली. अंगठ्याचं नख उलटलं होतं. ती तिथंच खाली बसली. उत्तरेश्वर थांबला. त्यानं हंडा उतरवावा की गठुळी सोडावी, याच्या गोंधळात गठुळ्यांची दोरी त्याच्या गळ्याशी आवळली गेली. पुढची माणसं उताराखालच्या झाडीत दिसेनाशी होत होती.

धुरपदाबाई मागून आली. तिच्या डोक्यावर, खांद्यावर, हातात काही नव्हतं. तिनं पोरीपुढं पाठ करून गुडघे टेकले.

सोजरनं बापाकडं बघितलं. तो दोरीशी झटत होता.

“चढ,” आजी म्हणाली. “बोलू नगंस माज्यासंगं. पर चढ.”

आठ वर्षांची पोरगी आजीच्या पाठीवर चढली. तिनं हात मात्र गळ्यात घातले नाहीत. लुगड्याचा काठ धरला. म्हातारी उठली, चालायला लागली, आणि मग उतारावर तिच्या मानानं पळायलाही. थोड्या वेळानं मागं हंडा खडकावर आपटल्याचा आवाज झाला. उत्तरेश्वर मोकळ्या डोक्यानं त्यांना येऊन मिळाला आणि म्हणाला, दे माझ्याकडं.

ती थांबली नाही. पांगरीच्या शिवारात, हद्दीच्या पलीकडं, एका विहिरीवर माणसं पाणी शेंदताना दिसली, तिथवर तिनं नातीला खाली ठेवलं नाही.