उसन्या गोळ्या

धुई नदीवरून उठली, तुरीच्या वावरात शिरली आणि सूर्य कासराभर वर आला तरी गावातून निघायचं नाव घेईना. माधवीनं तशातच अंगण झाडलं, चुलीत पऱ्हाटीच्या काड्या सारल्या, पाण्याचं भगुनं चढवलं. पाणी कोमट झालं तसं तिनं ते बाटलीत भरलं, आशाताईची पिशवी खांद्याला लावली आणि निघाली. नाल्याकाठच्या गल्लीपाशी येईस्तोवर तिच्या ध्यानात आलं, की बाटली आपण सवयीनं भरली. गोळ्याच नाहीत, तर पाणी कशावर प्यायचं?

तरी ती गेली. पाच महिन्यांपासून तिचा दिवस मैनाच्या ओट्यावरच उगवत होता. मैनानं तीन गोळ्या तोंडात टाकायच्या, घोट घ्यायचा, माधवीनं ते डोळ्यांनी पाहायचं आणि मोबाईलवर त्या दिवसाची खूण हिरवी करायची. टीबी निघाला तेव्हा मैनाचं वजन चौतीस किलो होतं. सव्वीस वर्षांची पोरगी, पाठीचे मणके मोजून घ्यावे अशी. नवरा वीटभट्टीवर परमुलखात, कडेवर पाच महिन्यांचं लेकरू. आता ती त्रेचाळीस किलोची झाली होती. गाल भरले होते. कोर्स संपायला एकच महिना राहिला होता.

आणि चार दिवसांपासून खूण लाल होती.

"आल्या काय व ताई?" मैनानं बाजेवरूनच विचारलं. गोळ्या आल्या काय, असं.

"आज दवाखान्यात जाऊन बसतोच मी. घेतल्याशिवाय नाई उठत."

"परवाही असंच म्हणे तुमी." मैना हसली, आणि हसता हसता तिला ढास लागली. थांबता थांबेना. तिनं फडक्यानं तोंड पुसलं आणि फडकं मुठीत चुरगाळलं. माधवीनं तिची मूठ उघडली. फडक्यावर चिंचोक्याएवढा लाल डाग होता.

आत चुलीपाशी मैनाची सासू सुंदराबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. ती आतूनच बोलली, "दोन पाकिटं होती घरात. एक कोणाच्या मढ्यावर घातलं, ते नाई सांगत ही पोट्टी. तुमाले माईत असन तं सांगा."

माधवी आणि मैनानं एकमेकींकडे पाहिलं.

पंधरा वर्षांपूर्वी गावच्या सभेत 'आशा म्हणून शिकलेली बाई पाहिजे' म्हटलं, तेव्हा बुद्धविहारामागच्या वस्तीतून माधवी एकटी उभी राहिली होती. दहावी झालेली, विधवा, पदरात एक पोरगी. तेव्हापासून निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं. कोणाच्या घरात कोणतं दुखणं आहे, हे तिला त्या घरच्या माणसाआधी कळायचं. आणि ते पोटात ठेवणं हेही कामच होतं. औषधाचं गणित तिला पाठ होतं. पण तिच्या वस्तीची एक रीत त्या गणिताहून जुनी होती. घरातलं सरलं तर शेजारी वाटी घेऊन जायचं. नेताना वाटी सपाट, परत देताना शिगेला भरून. पीठ, तेल, मीठ, साखर. उसनं नाही म्हणणारी बाई त्या वस्तीत अजून जन्मली नव्हती.

तिथंच तिची चूक झाली.

वीस दिवसांपूर्वी लीलाबाई तिच्या दारी आल्या होत्या, मागच्या दारानं, डोक्यावर पदर घट्ट ओढून. गावातले मोठे शेतकरी खुशालराव, त्यांची ही बायको. खुशालरावांना टीबी आहे, हे गावात तिघांनाच ठाऊक होतं: ते, लीलाबाई आणि माधवी. मुलालाही, नितेशला, उशिरा सांगितलं. कारण धाकटी प्राजक्ता लग्नाची होती.

"मालकाच्या गोळ्या सरल्या व माधवी," लीलाबाई म्हणाल्या. "दवाखान्यात नाई म्हणते. पोरीचं जमून राह्यलं. पाहुण्याईच्या समोर हे खोकलले तं सोयरीक तुटते. काईतरी कर माय."

दोघांच्या गोळ्या एकाच जातीच्या. खुशालराव चार घेत, मैना तीन, एवढाच फरक. सोमवारी माल येणार, असं दवाखान्यातले गजेंद्र सर म्हणाले होते. माधवीनं मैनाकडे अर्धं पाकीट मागितलं. कोणासाठी ते सांगितलं नाही, मैनानं विचारलंही नाही.

"अर्धं काय नेता ताई, अख्खं न्या. सोमवारी परत येतेच ना. त्याचा जीव काय नि माहा जीव काय."

उसनं देणारी बाई वाटी सपाट करते. मैनानं शिगेला भरून दिली.

सोमवार आला, माल आला नाही. मग दुसरा सोमवार गेला. मैनाच्या शेवटच्या पाकिटातल्या गोळ्या सरल्या, आणि माधवीला कळलं की पीठ सरलं तर माणूस एक रात्र उपाशी झोपतो, पण या गोळ्यांचं तसं नसतं. चार दिवस खाडा पडला की अर्धमेला रोग पुन्हा उठून बसतो. आणि उठतो तो जुन्या औषधाला भीत नाही.

धुई विरली तशी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचली. गजेंद्र सर कॉम्प्युटरसमोर होते, मफलर गुंडाळून.

"माधवीताई, वरूनच नाई तं मी कुठून देऊ? जिल्ह्यालेच नाई. माह्या खिशात राहते काय?"

"सर, पोरीले रगत पडलं आज."

त्यांचा हात माऊसवरच थांबला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "पाहा, खरं सांगतो. मी स्वतः चार दिवस झाले फोन करून राह्यलो. बाळापूरले नाई, पातूरले नाई. एकमेकाईच्या कपाटाले कुलूप लावून बसले सारे. नि वरून मलेच विचारतात, तुमच्या केंद्रात एवढे लाल काऊन? तुमी असं करा, सध्या हिरवं करून टाका. माल आला की भरून काढू."

"न खाल्लेली गोळी खाल्ली म्हणून लिवू?"

"पोरीचं नाव तरी चांगलं दिसन."

"नाव चांगलं दिसून काय करू सर? पोरगी चांगली दिसली पायजे."

"ताई, तुमी मलेच बोलता," ते म्हणाले, आणि तेही खरंच होतं. त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली, अकोल्याच्या दुकानात दाखवायला. तिथल्या जठारपेठेतल्या चार दुकानांत तिनं कालच फोन लावून पाहिले होते. चौघांचं उत्तर एकच.

आता उरली एकच जागा. मंगळवारी लीलाबाईंनीच सांगितलं होतं, "नितेशनं अकोल्याच्या डाक्टरकडून महिन्याच्या आणल्या, आता तुह्या सरकारी गोळ्यांची गरज नाई." तेव्हा माधवीचा जीव भांड्यात पडला होता. "मंग उसन्या नेल्या तेवढ्या परत द्या काकू." "देतो ना. उद्या ये." त्या उद्याचे तीन दिवस झाले होते.

खुशालरावांच्या दारात जीप उभी होती. ओसरीत सतरंजी, त्यावर पाच-सहा पाहुणे, बशांत चिवडा. प्राजक्ता नुकतीच चहा देऊन आत गेली असावी. खुशालराव भिंतीला टेकून बसले होते, गालात लवंग, उपरण्याचं टोक हातात. माधवी उंबऱ्यापाशी थांबली. पाहुण्यांमधल्या एका जाड, सोन्यानं मढलेल्या बाईनं मान वळवली.

"कोण व ह्या?"

"आशाताई हायेत आमच्या," लीलाबाई लगबगीनं पुढे आल्या. "शेजारच्याच."

शेजारच्या! तिच्या वस्तीत आणि या घरात नाला होता, आणि पिढ्यान्‌पिढ्यांत तो नाला ओलांडून या घरानं पिठाची वाटी नेली नव्हती.

"घरी कोणी बिमार गिमार हाये काय?" पाहुणीनं सहज विचारलं.

सगळी ओसरी माधवीकडे पाहू लागली. एक शब्द पुरे होता. तिनं खुशालरावांकडे पाहिलं. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती, दाबलेल्या खोकल्यानं डोळ्यांत पाणी तरारलं होतं. आतल्या दाराच्या फटीत प्राजक्ताची हिरवी बांगडी दिसत होती. ही पोरगी पोटात असताना लीलाबाईंचे पाय सुजलेले, ते माधवीची सासू चोळून द्यायची. आणि तिकडे नाल्याकाठी फडक्यावरचा तो डाग.

"नाई बापा, बिमार कोण राहीन," माधवी म्हणाली. "काकूनं उसनं नेलं होतं, तेवढं घ्याले आली. लेकरू भुकेलं हाये घरी."

लीलाबाईंनी पदर सावरला. मग त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पितळी वाटी होती, गव्हाच्या पिठानं शिगेला भरलेली. वाटी देताना त्यांनी माधवीची बोटं घट्ट दाबली.

"चांगला रिवाज हाये तुमच्या गावचा," पाहुणी म्हणाली. "आमच्याकडं आता कोणी कोणाले इचारत नाई."

माधवी कोपऱ्यापर्यंत चालत गेली. गोठ्याच्या भिंतीआड होताच तिनं पिठात बोटं खुपसली, पार तळाशी. बोटं दाबली होती ना! तिनं पीठ या कडेनं उकरलं, त्या कडेनं उकरलं. पीठच होतं. वाटीच्या पितळेला नखं लागली.

मागे कोणीतरी खोकललं. खुशालराव बैलं पाहायच्या निमित्तानं उठून आले होते. इतका वेळ कोंडलेला सगळा खोकला त्यांनी गव्हाणीवर वाकून बाहेर काढला. बैल कान हलवत बाजूला सरकला.

"काकाजी, नितेशनं आणल्या त्यातल्या द्या," माधवी म्हणाली. "चारच दिवसाच्या द्या. हात जोडतो."

"नितेशले भेटल्याच नाई." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "अकोला पालथं घातलं पोरानं, अमरावतीपर्यंत गेला. हिनं तुले खोटं सांगतलं, शरमेपायी. माह्याही सरल्या. तू देल्लेलं पाकीट सरलं, त्याले आता लय दिवस झाले."

माधवीनं नखांतलं पीठ वाटीच्या काठावर झटकलं.

"कोणाच्या होत्या त्या?"

नाव सांगायचं नाही, हे तिचं काम होतं. पण तिची नजर नाल्याकडे गेली आणि खुशालरावांनी ती पाहिली. त्या काठाला टीबीचं घर एकच होतं, ते सगळ्या गावाला माहीत होतं. गरिबाचं दुखणं कुठं लपतं?

"त्या लेकरवाळीच्या?" ते गव्हाणीच्या काठावर खाली बसले. "तिचं मी खाल्लं काय व, माधवी? तिच्या तोंडचं?"

ओसरीतून लीलाबाईंची हाक आली, "अहो, पाहुणे निघून राह्यले." खुशालराव उठले, लवंग गालात सारली, उपरणं नीट केलं आणि मान ताठ करून आत गेले.

माधवी घरी आली. बाटलीतलं पाणी थंडगार झालं होतं, ते तिनं अंगणातल्या झाडाच्या बुडाशी ओतलं. सकाळपासून मैनाकडे चूल पेटली नसणार, सुंदराबाई नातवातून उठत नाही. आज निदान पोळ्या न्यायच्या. उद्या तालुक्याला जायचं, परवा जिल्ह्याला. तिथंही तेच ऐकायचं, पण जायचं. तिनं परातीवर चाळणी धरली आणि वाटी उपडी केली. दोन बोटं चाळणीतून पुन्हा एकदा फिरली. कोंडा राहिला, बाकी काही नाही.

तेवढ्यात मोबाईल वाजला. गजेंद्र सर. हिरवं करा, हेच पुन्हा म्हणणार. हातात पीठ होतं, तिनं कोपरानं फोन उलटा केला. तो पाटावर थरथरत राहिला, मग गप झाला. माधवीनं पिठात मीठ टाकलं, पाण्याचा हबका मारला आणि कणीक मळायला घेतली.