लाल दोरा बांधलेलं रुईचं पान

शनिवारी सकाळी आमच्या अकोल्याच्या घरामागून एक पान चोरीला गेलं... रुईचं.

वर्षभर मी मागच्या अंगणाची वही लिहितोय. चैत्रात निंबाच्या मोहरावर शिंजीर पक्षी, पावसाळ्यात भिंतीपाशी तरोट्याची रोपटी, दसऱ्यानंतर रुईवर सुरवंट. रिटायर माणसाला दुसरं काय काम?

त्या सुरवंटांतल्या एकाने पानामागे कोश केला होता. हिरवागार, वर सोनेरी ठिपके. पानं सगळी सारखीच, म्हणून खुणेसाठी मी त्या देठाला लाल दोरा बांधला. शुक्रवारी कोश काळपट झाला, आतले केशरी पंख दिसू लागले... म्हणजे उद्या फुलपाखरू नक्की.

शनिवारी चहा घेऊन गेलो तर पानच नाही.

चोर शोधायची गरज नव्हती. शेजारच्या मालूताई दर शनिवारी मारुतीच्या हारासाठी आमची पानं नेतात, कधी विचारत नाहीत. मी तावातावाने त्यांच्या दारात.

त्या नुकत्याच देवळातून आल्या होत्या. हार घालून झाला होता, त्यावर लोकांचं तेलही वाहून झालं होतं. म्हणजे कोश संपलाच. फार राग आला. दोरा दिसला नाही का, असं विचारलंच मी.

"दिसला ना भाऊ. मले वाटलं, वैनीसाठी नवस बोलले तुमी. म्हणून तेच पान हाराच्या मधात लावलं, अन् आज मीबी उपास धरला."

हिची, म्हणजे माझ्या बायकोची, गाठ काढून तपासायला पाठवली आहे, रिपोर्ट यायचाय. आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. पण ही हल्ली कपडे वाळत घालायला दिसत नाही, एवढ्यावरून मालूताईंनी ओळखलं होतं. आणि मी? घरात त्यावर बोलायला नको म्हणून वही घेऊन मागे बसत होतो.

नवस नव्हता, हे त्यांना सांगितलं नाही. घरी येऊन हिच्याजवळ बसलो. काय झालं, असं तिने विचारलं. फुलपाखरू गेलं, एवढंच म्हणालो आणि रडू आलं...

ते फुलपाखरासाठी नव्हतं, हे तिला कळलं. मग दुपारपर्यंत आम्ही रिपोर्टबद्दल बोलत बसलो, पहिल्यांदाच.

हिला विचारूनच हे लिहितोय. मालूताईंना थँक्यू म्हणायचं तेवढं राहून गेलंय.