खाटेवरचा टेम्पो

डिझेलचा वास आला की अजून माझा पाय आपोआप ब्रेक शोधतो. मिलला कुलूप ठोकलं आणि जन्मभर माग चालवलेल्या बाबांवर टेम्पो चालवायची पाळी आली. त्यांना गाडीची भयंकर भीती. आई त्यांना खाटेवर बसवून स्टिअरिंग म्हणून हातात परात देई, ब्रेक म्हणून पायाखाली वीट. मी रस्त्यावरच्या इंदुरी पोरांसारखा ओरडायचो, “देखो भिया, गाय!” बाबांचा हात माग थांबवायचा दांडा शोधायचा, पाय हलतच नसे. “अहो, हात नाही, पाय!” आई रडकुंडीला येई. मग एकदा जुनी इंदूर या भागातल्या उतारावर खऱ्या टेम्पोसमोर एक पोरगी आली. बाबांचा हात स्टिअरिंगवरून सुटला. शेजारून मी किंचाळलो, “पाय!” टेम्पो तिच्या फ्रॉकला टेकून थांबला. मजुरांनी नवा धंदा शिकावा म्हणणाऱ्या साहेबांना मी आता विचारतो, तो कुणाच्या पोरीसमोर शिकायचा?