बिजाची बंदूक

आत्मारामच्या तेरवीला गावातल्या एका मोठ्या माणसाने उभं राहून सांगितलं की, आत्मारामजी उभ्या आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. लोकांनी माना हलवल्या. मी मागे सतरंजीवर बसलो होतो. तोंडात शिवी आली होती, ती गिळली. कारण त्याच्या थोडंच आधी, आत्मारामचा मुलगा विलास म्हणाला म्हणून मी आतल्या खोलीतून सतरंजी काढायला गेलो होतो, आणि वर छपराच्या फाट्यांवर जुन्या धोतरात गुंडाळलेलं लांबट काहीतरी दिसलं होतं. धोतराचं एक टोक सुटलं होतं. त्यातून लाकूड दिसत होतं. मी ते लाकूड अंधारातही ओळखलं असतं. ती आमची मासे मारायची बंदूक होती. आत्मारामने चाळीस वर्षांपूर्वी माझ्या तोंडावर सांगितलं होतं की ती त्याने चुलीत घातली.

पेपरच्या पुरवणीवाल्या पोराने म्हटलं, आजोबा, तुम्ही त्यांचे जुने दोस्त, चार चांगले शब्द लिहा. चांगले शब्द लिहिणारे पुष्कळ आहेत. मी चौथी शिकलेला माणूस, झालं तसं लिहितो. ती बंदूक माझी होती आणि मला ती परत पाहिजे होती. आणि त्याने ती माझ्यापासून काहून लपवली, याचा जबाब मला पाहिजे होता. जबाब देणारा निघून गेला. आता भांडू कोणाशी?

आणीबाणी उठली त्यानंतरचा हिवाळा असेल. दिवाळीनंतर आमच्या कोंढ्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. तशा एका मंडईत टुरिंग टॉकीज आली होती. पिक्चर काय होता ते दोघांनाही समजलं नाही, पण त्यात माणसं समुद्राच्या तळाशी जाऊन बंदुकीने मासे मारत होती. आम्ही दोघं धानाची शेती करणारे. समुद्र कोणी पाहिला नव्हता. पण वैनगंगा होती, आणि पाऊस सरला की तिचं पाणी काचेसारखं होतं. घरी येताना आत्माराम रस्त्यात थांबला आणि म्हणाला, "मोत्या, हे तं आपल्याले बी जमते गा."

मी म्हटलं, "पैसे तुया बाप देईल काय?"

"पैसे कायले लागते? लाकूड हाये, रबर हाये, डोकं हाये. तुयं नाई, मायं."

असा होता तो. त्याच्या घरी मोडक्या बैलगाडीचा धुरा पडला होता, बिजाच्या झाडाच्या लाकडाचा, लोखंडासारखा. तो त्याने कापला, तासला, वरून सळई बसायला पन्हळ कोरली. सळई माझ्या सायकलच्या कॅरियरची. रबर पंक्चरवाल्याकडे फेकलेल्या ट्रॅक्टरच्या ट्यूबचं. घोड्यासाठी पितळेचा तुकडा पाहिजे होता, तो माझ्या कोठ्याच्या फाटकाची कडी काढून झाला, आणि त्या दिवशी बैल दुसऱ्याच्या लाखोळीच्या पिकात शिरले. पाण्यात डोळे उघडे ठेवायला चष्मे पाहिजे होते. काच कुठून आणायची? माझ्या बायकोच्या देवाच्या फोटोची काच त्याने काढली. कौसल्याला वाटलं मी काढली. ती माझ्याशी बोलेना, आणि हा तिच्याच हातचा चहा पीत बसून म्हणतो, "वहिनी, मोत्याले देवाधर्माचं काई नाई पाहा." तेव्हा कोणी म्हटलं नाही की आत्मारामजी खोटं बोलत नाहीत.

मूठ कशी करायची यावर आमचं खरं भांडण झालं. मी डावखुरा. मी म्हटलं, साधी मूठ कर, दोघांच्याही हाती बसली पाहिजे. तो ऐकेना. "पाण्यात दम तुया मोठा. मारशील तू. मंग माया हात कायले पाहू?" माझा डावा पंजा त्याने मातीच्या गोळ्यावर दाबून घेतला आणि तो ठसा पाहून मूठ कोरली, अंगठ्याला खळगा, प्रत्येक बोटाला खोबण. माझ्या हातात ती अशी बसली की जणू जन्मापासून होती. त्याच्या उजव्या हातात ती टोचायची.

कोरड्यावर धानाच्या तणसीच्या ढिगात मारून पाहिली, तर सळई आरपार गेली. आम्ही राजे झालो. मग नदीच्या डोहात उतरलो, आणि एक मासा लागेना. रोज जायचं, रोज रिकामं यायचं. मी म्हणे लाकूड वाकडं, तो म्हणे घोडा ओढताना तुझा हात हलते. बिजाचं लाकूड पाण्यात रंग सोडते, त्यामुळे माझा पंजा विटकरी झाला होता, आणि बाजारात लोक विचारायचे की मासोळ्या नाही तर हात तरी रंगवला का बावा.

शेवटी आत्मारामने पाण्यात दगडाला भोपळा बांधला, बाजूला चष्मा लावून बुडी मारून बसला, आणि मला मारायला लावलं. वर येऊन थुंकला.

"तू भोपळ्याच्या खाली मारून राह्यला बे."

"खालीच मारा लागते. मासोळ्या मारणारे ढिवर काय करतेत?"

"ते काठावरून मारतेत. वरून मासोळी दिसते तिच्या खाली रायते, म्हणून. तू आता तिच्या घरात हायेस. घरात जो जेथं दिसते, तेथंच तो अस्ते."

लहानपणापासून काठावर उभं राहून भाला मारायची सवय, तीच आम्ही पाण्यात घेऊन गेलो होतो. त्यानंतर मी सरळ नेम धरला आणि हातभर मरळ घेऊन वर आलो. कौसल्याने ती रांधली आणि काचेचा राग त्या रश्श्यात विरला.

मग ते झालं. सळई हरवू नये म्हणून आत्मारामने तिला अंबाडीची दोरी बांधली होती, आणि मी ती दोरी मनगटाला गुंडाळत असे. एका मोठ्या मरळीला सळई लागली आणि ती कपारीत शिरली. दोरी दगडात अडकली. मी ओढतो तर मनगट आवळते… छाती फुटायला आली. पुढचं एवढंच आठवतं की आत्माराम विळा घेऊन समोर आला. त्याने दोरी कापली, मला केसाला धरून वर काढलं आणि काठावर पालथा टाकून पाठीत बुक्क्या मारल्या. मला श्वास आल्यावरही मारत राहिला.

बंदूक त्या दिवशी तोच घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, बंदूक दे, दोरी बदलू, तुझीच दोरी वाईट होती.

"चुलीत घातली," तो म्हणाला. "चांगली जळली."

मला खरं वाटेना. त्याने चुलीतून बिजाचा जळका तुकडा काढून पुढे टाकला. मी तो तुकडा उचलून घरी आणला, आणि त्यानंतर त्या बंदुकीचं नाव त्याने एकदाही काढलं नाही. मी काढलं. नदीवरून गाडी जाताना, मंडईत, त्याच्या पोरीच्या लग्नात, दर वेळी टोमणे मारले. माझ्या जिवाचा मालक तू कोण, असंही विचारलं. तो हसायचा आणि तंबाखू पुढे करायचा. मी म्हणालो असतो का, की मला वाचवलंस ते चांगलं केलंस? नसतो म्हणालो. आजही म्हणत नाही. पण खोटं कशाला? अंगणात उभं राहून सांगायचं होतं, देत नाही, काय करायचं ते कर. मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. ते त्यालाही माहीत होतं, आणि त्याचाच मला सर्वात जास्त राग येतो.

तेरवीचे लोक उठल्यावर मी विलासला आत नेलं आणि वर बोट दाखवलं. त्याने बंदूक खाली काढली. तो म्हणाला, "काका, बाबा दर दिवाळीले काढत. तेल लावत, रबर नवं टाकत. आमी विचारलं का म्हणत, दुसऱ्याची हाये, ठेवाले देल्ली."

मी ठेवायला दिली नव्हती. त्याने हिसकली होती. हे मी विलासलाही ऐकवलं. मग मी बंदूक हातात घेतली. चाळीस वर्षांत हात वाळला, बोटं वाकडी झाली, पण अंगठा खळग्यात गेला आणि बोटं आपापल्या खोबणीत. रबर ताजं होतं. गेल्या दिवाळीला त्याला धड उभं राहता येत नव्हतं, तरी बदललं होतं. आणि त्याच्या स्वतःच्या हातात ती मूठ कधी बसली नाही.

आता ती माझ्या घरी खुंटीला आहे. त्या डोहावर धरणाचं पाणी चढलं, मी बुडी मारायच्या वयाचा नाही. तरी दिवाळीला रबर बदलीन, रागातच बदलीन. आणि तो जळका तुकडा, धुऱ्याच्या उरलेल्या लाकडाचा असेल, जो मी एवढी वर्षं धान्याच्या कोठीमागे ठेवला होता, तो परवा काढला आणि चुलीत घातला.

चांगला जळला.