तिला रडवायचं नाही

दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत आमच्या घरात एकच नियम होता, धाकटीला रडवायचं नाही. धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. नियम औरंगाबादच्या डॉक्टरांनी घालून दिला होता आणि पाळायचा होता मी.

सुरुवात चुलीपाशी झाली. जाळ फुंकता फुंकता तिच्या हातून फुंकणी गळाली, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. घटकाभरात सगळं पहिल्यासारखं झालं, तरी दिरानं तिला औरंगाबादला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या नसा आतून बुजत आल्यात, त्यांच्याऐवजी केसासारख्या बारीक नसांचं जाळं तयार झालंय. तपासणीच्या फोटोत ते जाळं धुरासारखं दिसतं, म्हणून जपानी लोकांनी या रोगाचं नाव मोयामोया ठेवलंय. जोरात रडलं, फुंकलं, धाप लागली की नसा आवळतात. अंगातलं पाणी कमी झालं तरी मेंदूला रक्त पुरत नाही. ऑपरेशन करावं लागेल, असंही म्हणाले. पाऊस पडू दे मग बघू, असं घरच्यांनी ठरवलं आणि पाऊस काही पडला नाही.

म्हणजे चूल माझ्याकडे आली. उपास तिला बंद, मला चालू. जनावरं चारा छावणीला गेल्यामुळं गावातली दूध संस्था बंद पडली होती. माझा नवरा संस्थेत कामाला, त्यानं रिकामे कॅन घरी आणले. त्यातला एक कॅन तिच्या पिण्याच्या पाण्याचा. टँकर आला की धक्काबुक्की करून पाणी आणायचं मी, आणि पहिला भरायचा तिचा कॅन. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या कॅनवर ताट झाकून शेजारीच बसायच्या. मी आठ-आठ दिवस केस धुवायचे नाही आणि ही तांब्याच्या तांब्या पाणी प्यायची. माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू, हा रोग मला का झाला नाही, असंही कितीदा मनात आलं.

तशात तिची आई वारली. माहेर तलवाड्याच्या पलीकडं. आत्याबाईंनी मला सोबत धाडलं, काम एकच, तिला रडू द्यायचं नाही. मांजरसुंब्याला गाडी बदलताना मी तिला बळंच बाटलीभर पाणी पाजलं. आमच्याकडं माहेरी मयतीला जाणारी लेक वेशीपासून हेल काढत जाते, बायका पुढं येऊन गळ्यात पडतात. ही मुकाट्यानं चालत गेली. मी तिचा दंड घट्ट धरला होता. बायका कुजबुजल्या, "पोटची पोर हाय न्हवं? डोळ्याला टिपूस न्हाई." तिच्या वाटचं मीच रडले, चांगली मोठ्यानं. तरी तिची मावशी पदरानं वारा घालत बसली तो तिलाच. मी सकाळपासून उपाशी होते, मला कुणी चहाचंही विचारलं नाही.

तो राग मी घरी घेऊन आले. पुढच्या महिन्यात टँकर दोन दिवस उशिरा आला. घागरीत थेंब नव्हता, कॅन मात्र अर्धा भरलेला. आत्याबाई बाहेर गेल्या होत्या. मी म्हणाले, "आईच्या मयतीला टिपूस काढलं न्हाईस, आन पानी तेवढं लई लागतंय तुला!" तिचे डोळे भरले. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणं तिनं सावकाश श्वास घेतला, हुंदका गिळला आणि कॅन माझ्याकडं सरकवला. मी काही त्याला हात लावला नाही.

दोन दिवसांनी सकाळी डोकं धरून ती खाली बसली, ओकली आणि बेशुद्ध झाली.

तीन दिवसांनी औरंगाबादच्या दवाखान्यात शुद्धीवर आली. मेंदूत रक्त उतरलं होतं. त्या बारीक नसांपैकी एकीवर, अगदी खोल, फुगा आला होता आणि तो फुटला होता. मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, "रडवल्यामुळं फुटला का?" ते म्हणाले, "नाही हो. मोठ्या नसांचं काम बारीक नसांवर पडलं, म्हणून तो आला. पुष्कळ दिवसांचा असणार." मी जिन्यात बसून मनसोक्त रडले. मला कुणीच अडवलं नाही.

डॉक्टरांनी वाटा सांगितल्या. कवटी उघडून तिथवर जायचं तर चांगल्या मेंदूतून जावं लागणार. जांघेतून बारीक नळी घालून औषधानं फुगा बुजवता येईल, पण मोठे रस्ते बंद, नळी गल्लीबोळातून न्यायची. ती बारीक नस बिघडली तर तिच्यावर जगणारा मेंदूचा भाग जायचा. काहीच केलं नाही तर फुगा पुन्हा फुटू शकतो. दीर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. धाकटी माझ्याकडं बघून म्हणाली, "आक्का म्हनतील तसं."

इतके दिवस मला जो मान हवा होता तो असा मिळाला आणि मला तो नको झाला. मी डॉक्टरांना म्हणाले, "तुमच्या घरची असती तर?" ते म्हणाले, "आधी नळी घालून बघितलं असतं. पुढं जाईना तर मागं फिरलो असतो. नंतर कानावरची नस मेंदूवरच्या नसेला जोडली असती, म्हणजे बारीक नसांवरचा भार उतरतो." मी म्हणाले, "करा."

नळी गेली. फुगा बुजला. उजव्या हाताची बोटं तेवढी थोडी जड राहिली. पुढं नसेची जोडही झाली. वर्ष सरता सरता पुन्हा तपासणी केली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "जोड उत्तम चाललीय. पाणी पीत राहा, उपास नको. पण रडू आलं तर रडा आता."

जीपमधून घरी आलो. मला खात्री होती, ती माझ्याच गळ्यात पडणार. पाणी मी वाहिलं, तिला मयतीला मी नेलं, "करा" मी म्हणाले. दारात उतरली आणि मला ओलांडून सरळ आत्याबाईंकडं गेली. त्यांच्या गळ्यात पडून "माझी माय गं" म्हणून तिनं असा हंबरडा फोडला की गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. माझा जळफळाट झाला. मी पुढं होऊन म्हणाले, "बास आता. धाप लागंल. पानी पी आधी."

तिनं मान वर केली. नाकडोळे वाहत होते.

"म्हनून तुमच्या गळ्यात पडले न्हाई, आक्का," ती म्हणाली. "तुमी मला रडू दिलं नसतं."