महापूजेचा भात

सलग दोन वर्षं पावसाने दगा दिला, तेव्हा ताई आणि दाजींनी एक गाय विकली. निदान दुसरी तरी जगावी म्हणून. ही दुसरी गाभण होती. गावात कडबाही मिळेनासा झाला, तेव्हा दाजी तिला टेम्पोत घालून पुण्यात वारज्याला एका ओळखीच्या गोठ्यात घेऊन आले. जागेच्या बदल्यात गोठ्यातलं शेण काढायचं, असं ठरलं. मी कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्याकडे गाय बांधण्याचा प्रश्नच नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं.

दाजी रोज सकाळी मंडईतून फ्लॉवरचा पाला, मक्याची सालं गोळा करून आणत. कडब्यात मूठमूठ मिसळून घालत. नवं खाणं एकदम घातलं की जनावर दगावतं, असं त्यांनी मला सांगितलंही होतं. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मग आमच्या सोसायटीत सत्यनारायणाची महापूजा झाली आणि भात उरला. तो गाईच्या मुखी लागावा यावर सर्वांचं एकमत झालं. आमच्याकडे एकमत हाच मुळात चमत्कार. मी दोन मोठे डबे स्कूटरवर घालून वारजे गाठलं. दाजी अजून मंडईतून परतले नव्हते. गाईच्या बरगड्या दिसत होत्या, मला भरून आलं. दोन्ही डबे तिच्यापुढे रिकामे केले. फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. एवढा भात पोटात आंबला, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी ती गेली, पोटातल्या वासरासकट. दाजी मला एका शब्दानेही बोलले नाहीत.

रविवारी मी त्यांना गावी सोडायला गेलो. ताई रिकाम्या गोठ्यापाशी उभी होती. दाजींना म्हणाली, "सारा जन्म जनावरांत गेला तुमचा. भात घालू नये, एवढं कळंना व्हय?"

"चुकलं माझं," दाजी म्हणाले.

भात आपणच घातला असं त्यांनी तिला फोनवर सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. ताईने मला घरात नेलं, चहा दिला. म्हणाली, "तू लई धावपळ केलीस रं आमच्यापायी."

मी चहा प्यायलो. तिला अजूनही काही सांगितलेलं नाही.