चिबड जमिनीतली सावली

डोंगरकडा गावात आमच्या घरामागची जमीन काळी, चिकट आणि चिबड आहे. शेजारच्या कालव्याचं पाणी खालून झिरपतं. दिवाळीपर्यंत चप्पल रुतते. सासरे गेल्यावर सासूबाईंना आम्ही साखऱ्याहून इथे आणलं. त्यांची अट एकच होती, बसायला झाडाची सावली हवी. "न्हाईतर मी माघारी जाते. एकटी राहीन, पण पत्र्याखाली भाजून घेणार न्हाई."

मी लगेच यादी केली: कडुनिंब, सीताफळ, शेवगा. सगळी त्यांच्या ओळखीची झाडं. पहिल्याच पावसाळ्यात तिन्ही गेली. यादीत काट मारली, पण का गेली ते लिहिता आलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा लावलेला कडुनिंबही पिवळा पडला, तेव्हा सासूबाईंनी गावी पुतण्याला फोन केला, "घर झाडून ठेव."

मी तो कडुनिंब त्यांच्यासमोरच उपटला. खड्डा पाण्यानं भरलेला, मुळं काळी, सडका वास. सासूबाई कोरडवाहू गावच्या. रोज खुरप्यानं आळं नीट करून दोन बादल्या ओतायच्या. मीही खोल खड्डा खणून मुरूम भरला होता. चिकट मातीत तो खड्डा हौदच झाला: मी बांधला, त्यांनी भरला.

"मीच बुडवलं व्हय?"

"दोघींनी."

"मी अडाणी. तू काहून बुडवलंस, शिकलेली ना?"

मग यादी जमिनीपासून सुरू केली. कालव्याच्या कडेनं फिरले आणि ओल्यात मजेत उभी असलेली झाडं लिहून आणली: करंज, जांभूळ, अर्जुन. अर्जुन अंगणाला फार मोठा, तो खोडला. खड्डा खणलाच नाही. माती ओढून गुडघाभर उंचवटे केले आणि त्यांवर रोपं लावली.

"झाडाला ओट्यावर बसवलं का? पाणी कुठं थांबल?"

"थांबायलाच नको, आई. तुम्ही चर काढा, ते बाहेर जाऊ द्या."

"पाणी हाकलायला चर! साखऱ्यात कुणाला सांगू नको," म्हणत त्यांनी खुरपं उचललं. चर मात्र माझ्यापेक्षा सरळ काढला.

आता या रोपांचं चौथं वर्ष. करंजाची सावली दुपारी त्यांच्या बाजेवर येते. जांभळाला अजून फळ नाही. गेल्या दिवाळीत त्या आठ दिवसांसाठी साखऱ्याला गेल्या. तिसऱ्याच दिवशी फोन आला, "न्यायला कोण येऊन राहिलं?"